एका पेटीत सारे दप्तर नको

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि पाहता पाहता दुकानांचे तळमजले बुडाले. पाणी ओसरले तेव्हा वर्षानुवर्षे जमवलेला माल चिखलात पडलेला होता. मालाचे पंचनामे झाले, विम्याचे दावे दाखल झाले, समाजानेही मदतीचा हात पुढे केला. परंतु अशा प्रत्येक पुरात मालाच्या बरोबरीने आणखी एक वस्तू वाहून जाते. तिची किंमत पंचनाम्यात मांडता येत नाही आणि कोणतीही विमा कंपनी ती परत आणून देऊ शकत नाही. ती वस्तू म्हणजे व्यवसायाचे दप्तर. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, कोणत्या ग्राहकाची कोणती मागणी अर्धवट राहिली आहे, कामगारांचा पगार कोठवर चुकता झाला आहे, हे सारे ज्या संगणकात होते तो संगणकच पाण्याखाली गेला, तर धडधाकट व्यापारीसुद्धा क्षणात आंधळा होतो.

माल पुन्हा भरता येतो. पुरवठादार पतीवर माल देतो, बँक कर्ज देते. पण राहिलेली उधारी वसूल करायची ती कशाच्या आधारावर? ग्राहक कितीही प्रामाणिक असला, तरी आकडा त्यालाही कोणीतरी सांगावा लागतो.

हे संकट एकट्या कोकणाचे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य दुकाने व कचेऱ्या पाण्यात गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीने तेच अनुभवले. आणि पूर नसला तरी आग आहे, चोरी आहे, विजेचा झटका आहे, हार्ड डिस्कचे आकस्मिक मरण आहे, संगणकातून शिरणारा खंडणीखोर आहे. म्हणूनच आज प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने स्वतःला दोन साधे प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. आपले दप्तर नेमके कोठे आहे? आणि त्याच्या प्रती किती आहेत?

वहीची शिस्त

जुन्या पेढीवर दप्तराला जवळजवळ देवघराचा मान असे. दिवसभराचा व्यवहार कीर्दीत उतरे आणि त्यावरून खातेवार नोंद खतावणीत होई. म्हणजेच एक व्यवहार दोन ठिकाणी लिहिलेला असे. एक वही गहाळ झाली, तर दुसरीवरून बराचसा हिशेब पुन्हा उभा करता येई. दिवेलागणीनंतर वह्या बासनात बांधून ठेवल्या जात. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची रीत होती. त्यामुळेच शतकांपूर्वीचे व्यवहार आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात अभ्यासता येतात.

संगणक आला आणि हिशेबाला वेग आला. चार मुनीम आठवडाभर जे करीत, ते एक मुलगी दुपारच्या चहापूर्वी उरकू लागली. ही प्रगतीच आहे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु वेगाबरोबर जुनी शिस्त मात्र सुटली. आज एखाद्या मध्यम आकाराच्या दुकानात वा वर्कशॉपमध्ये डोकावले, तर काय दिसते? हिशेब एका संगणकात, कोटेशने मालकाच्या लॅपटॉपमध्ये, ड्रॉइंगे कारागिराच्या पेनड्राइव्हवर, ग्राहकांचे पत्ते मुलाच्या मोबाइलमध्ये आणि महत्त्वाची बिले व्हॉट्सअॅपच्या कोणत्यातरी संभाषणात अडकलेली. दप्तर आहे, पण ते एकत्र नाही. आणि जे आहे त्याची दुसरी प्रत नाही.

कायदा मात्र ही ढिलाई मान्य करीत नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. याच कायद्याखालील नियम ५७ सांगतो की, संगणकातील नोंदींचा योग्य बॅकअप ठेवला पाहिजे आणि अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या, तर त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता आल्या पाहिजेत. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना तर ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार संगणकीय हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. थोडक्यात, ‘संगणक बिघडला’ ही आता सबब राहिलेली नाही.

नॅस नावाची पेटी

या विखुरलेल्या दप्तराला एकत्र आणण्याचा एक चांगला मार्ग गेल्या काही वर्षांत छोट्या व्यावसायिकांच्याही आवाक्यात आला आहे. ‘नेटवर्क अटॅच्ड स्टोअरेज’ असे त्याचे लांबलचक नाव असून व्यवहारात त्याला ‘नॅस’ म्हणतात. जाडजूड शब्दकोशाएवढी ही पेटी असते. तिच्यात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क बसतात. तिला पडदा नसतो, कळफलक नसतो. एका तारेने ती कचेरीतील राउटरला वा स्विचला जोडली की कचेरीतील प्रत्येक संगणकाला ती सामाईक कपाटासारखी दिसू लागते. पेटीच्या पोटात तिचा स्वतःचा छोटा संगणक असतो आणि कोणाला कोणता कप्पा उघडता येईल, हे तोच ठरवतो. हिशेबनिसाला हिशेबाचा कप्पा, कारागिराला ड्रॉइंगांचा, मालकाला सगळे; आणि उमेदवारीवर आलेल्या मुलाला फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही, अशी सोयही करता येते.

तिचा खरा लाभ दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट म्हणजे दप्तर माणसाकडून व्यवसायाकडे येते. नोकरी सोडून जाणाऱ्या हिशेबनिसाबरोबर त्याच्या लॅपटॉपमधील तीन वर्षांचे काम निघून जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कचेरीतील सर्व संगणकांची प्रत रोज रात्री, कोणी आठवण न करता, या पेटीत आपोआप घेतली जाऊ शकते. माणसाच्या उत्साहावर अवलंबून असलेला बॅकअप पहिल्या पंधरवड्यात बंद पडतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. यंत्राला मात्र कंटाळा येत नाही.

बऱ्याच पेट्यांत ‘स्नॅपशॉट’ म्हणून एक सोय असते. ठरावीक वेळी पेटी आपल्या आतील माहितीचे जणू छायाचित्र टिपून ठेवते आणि त्यात नेहमीच्या वापरकर्त्याला खाडाखोड करता येत नाही. सकाळी कोणी चुकून एखादी फाइल पुसली, तर रात्रीच्या छायाचित्रातून ती दोन मिनिटांत परत काढता येते. दैनंदिन चुकांवर इतका सोपा उपाय दुसरा नाही.

अशी दोन डिस्कांची पेटी, तिच्या डिस्क आणि तिला लागणारा यूपीएस असा सारा खर्च एका चांगल्या लॅपटॉपच्या आसपास जातो. यूपीएसला येथे फाटा देऊ नये. वीज अचानक गेली आणि डिस्कवर लिहिणे अर्ध्यात तुटले, तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. बहुतेक पेट्या यूपीएसला यूएसबी तारेने जोडता येतात. मग वीज गेल्यावर पेटी स्वतःच काम आवरून व्यवस्थित बंद होते.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

येथपर्यंत सारे ठीक. परंतु ही पेटी घरी आली की एक गोड गैरसमजही तिच्याबरोबर येतो. विक्रेता सांगतो, ‘साहेब, यात दोन डिस्क आहेत. एक गेली तरी दुसरी आहे. आता निर्धास्त राहा.’ आणि मालक खरोखरच निर्धास्त होतो.

१९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी मांडलेल्या शोधनिबंधातून ‘रेड’ ही संज्ञा रूढ झाली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून त्यातील एखादी निकामी झाली तरी काम चालू ठेवायचे, ही तिच्यामागील कल्पना. दोन डिस्कांच्या पेटीत एकीवर जे लिहिले जाते, ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. हा आरसा आहे. तीन वा अधिक डिस्क असल्या, तर गणिती ताळा विभागून ठेवून गेलेल्या डिस्कवरील मजकूर पुन्हा रचता येतो. डिस्क निकामी होणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नसल्याने ही व्यवस्था अत्यंत उपयुक्त आहे, यात शंका नाही.

पण आरशाचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. समोरच्याने चेहऱ्याला काजळी फासली, तर आरशातही काजळीच दिसते. एका डिस्कवरील फाइल पुसली की दुसरीवरील त्याच क्षणी पुसली जाते. पेटी चोरीला गेली तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. पुरात बुडाली तर एकत्रच बुडतात. विजेच्या एका झटक्याने दोन्ही निकामी होऊ शकतात. एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घेतलेल्या दोन डिस्क पाठोपाठ बिघडल्याचीही उदाहरणे घडतात. रेड व्यवसाय थांबू देत नाही, हे खरे. पण गेलेले दप्तर परत आणणे हे तिचे कामच नाही. ही दोन निराळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत केल्यानेच अनेकांचे दिवाळे वाजते.

खंडणीखोर दाराशी

पुरापेक्षाही अधिक सावध राहावे, असे संकट आता महाजालातून येते. संगणकात शिरायचे, सर्व फाइलींना कुलूप घालायचे आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, हा धंदा जगभर फोफावला आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांत असाच हाहाकार उडवला. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांना किंमत मोजावी लागली.

नॅस पेट्याही या दरोडेखोरांच्या नजरेतून सुटलेल्या नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या नावाच्या हल्ल्यांत तैवानच्या क्यूनॅप कंपनीच्या पेट्या लक्ष्य झाल्या. डेडबोल्टने एका पेटीमागे ०.०३ बिटकॉइन खंडणी मागितली. जून २०२१ मध्ये तर वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या उपकरणांवरील माहिती दूरवरूनच पुसली गेली. त्या उपकरणांना दुरुस्त्या पुरवणे कंपनीने २०१५ मध्येच थांबवले होते. या घटनांत सामायिक दोष एकच दिसतो. पेटी थेट महाजालावर उघडी ठेवलेली आणि तिच्यातील छिद्रे न बुजवलेली. घरबसल्या फाइली दिसाव्यात म्हणून राउटरमध्ये वाट मोकळी करून ठेवायची, हे दुकानाची मागची कडी काढून झोपण्यासारखे आहे. बाहेरून पोहोचणे खरोखरच गरजेचे असेल, तर व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग वापरावा, दुहेरी ओळखपडताळणी ठेवावी, कंपनीच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात आणि ज्या पेटीला दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे, तिला महाजालापासून तोडावे.

या संदर्भात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडलेली एक घटना प्रत्येक व्यावसायिकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक एकामागून एक काळे पडले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कोणत्या वापरकर्त्याला कोणता अधिकार आहे, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांच्या प्रती सांभाळत होते. दीडशे प्रती! पण सगळ्या परस्परांना जोडलेल्या. त्यामुळे सगळ्या एकदमच पुसल्या गेल्या. वाचली ती फक्त एक. आफ्रिकेतील घाना येथील कचेरीत त्या वेळी वीज गेलेली होती आणि तेथील सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीच्या आधारावर पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करण्यात आले.

जगातील एका बलाढ्य कंपनीला वीज खंडित होण्याच्या योगायोगाने वाचवले. छोट्या दुकानदाराने आपले भवितव्य योगायोगावर सोडू नये. प्रतींची संख्या पुरेशी नसते. त्यातील निदान एक प्रत जोडलेली नसणे, हे खरे संरक्षण आहे.

‘क्लाउड आहे ना!’

नव्या पिढीचे यावर एक ठरलेले उत्तर असते. पेटी कशाला, डिस्क कशाला, सगळे क्लाउडवर ठेवले की झाले! या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मोठ्या कंपन्यांची डेटा केंद्रे एखाद्या दुकानाच्या माळ्यापेक्षा निश्चितच सुरक्षित असतात आणि आपल्या गावातील पुराचे पाणी तेथे पोहोचत नाही. तथापि, क्लाउड म्हणजे काही आकाशातील ढग नव्हे. तेही कोणाच्या तरी इमारतीतील संगणकच असतात आणि इमारतींना आग लागते.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्राची एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांच्या मूळ फाइली आणि बॅकअप तेथेच होते, त्यांचे दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा नष्ट झाली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि बाहेर तिची प्रत नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या आघाडीवर असलेल्या देशाची ही कथा आहे.

शिवाय आपण ज्याला क्लाउड बॅकअप म्हणतो, ते पुष्कळदा नुसते ‘सिंक’ असते. संगणकावर फाइल पुसली की तीही तेथून जाते. संगणकावर कुलूप पडले की कुलूपबंद फाइलच वर चढते. म्हणजे पुन्हा आरसाच! काही सेवा जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवस राखून ठेवतात. किती दिवस, ते आधीच पाहून घेतले पाहिजे.

आणि वेळेचे गणितही आहे. सेकंदाला २० मेगाबिट वेगाने एक टेराबाइट माहिती वर चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. संकटाच्या वेळी दोन टेराबाइट माहिती १०० मेगाबिटच्या जोडणीवरून उतरवायला, जोडणी एकदाही न तुटता, सुमारे ४४ तास लागतात. तेवढीच माहिती कचेरीतील पेटीतून गिगाबिट तारेवरून पाच-सहा तासांत परत येते. छापखाना, फोटो स्टुडिओ किंवा साचे बनवणारे वर्कशॉप यांच्यासाठी हा फरक मागणी राखणे आणि गमावणे यातला असू शकतो. म्हणून पेटी की क्लाउड, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि दोन्ही हवेत.

तीन प्रती, दोन प्रकार, एक दूर

जगभर मान्य झालेला एक सोपा नियम आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मराठी माणसाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, ही कथा घराघरात सांगितली जाते. गाथा तरली, त्यात अनेकांच्या मुखी असलेल्या अभंगांचा आणि संताजी जगनाड्यांसारख्यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांचाही वाटा मानला जातो. जे एकाच ठिकाणी असते ते बुडू शकते. जे अनेकांनी अनेक ठिकाणी जपले, ते टिकते.

छोट्या व्यवसायात हा नियम असा राबवता येईल. पहिली, म्हणजे मूळ प्रत रोजच्या कामाच्या संगणकांत. दुसरी प्रत नॅस पेटीत. रोज रात्री आपोआप घेतलेली, मागील काही आठवड्यांच्या स्नॅपशॉटसह. तिसरी प्रत पेटीतून दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलेली. अशा दोन डिस्क असाव्यात. एक दुकानात असेल तेव्हा दुसरी घरी असावी आणि दर शनिवारी त्यांची अदलाबदल व्हावी. प्रत घेऊन झाली की डिस्कची तार काढून ठेवावी, कारण तोडलेल्या तारेतून कोणताही खंडणीखोर आत येऊ शकत नाही. याखेरीज हिशेब, ग्राहकांची यादी आणि करारपत्रे एवढा गाभा कुलूपबंद स्वरूपात क्लाउडवर ठेवावा. साध्या दुकानाचा हिशेब सहसा काही गिगाबाइटांतच मावतो. त्याला फार वेळ लागत नाही, फार पैसाही लागत नाही.

‘दुसरे ठिकाण’ हा शब्द मात्र प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. दुकानाच्या वरच्या मजल्यावरील घर पुरापासून वाचेल, पण आगीपासून नाही. नदीकाठच्या बाजारात दुकान आणि त्याच नदीकाठी घर असेल, तर तेही दुसरे ठिकाण नव्हे. येथे स्नेहसंबंधांचा उत्तम उपयोग होऊ शकतो. चिपळूणच्या व्यापाऱ्याची कुलूपबंद प्रत सातारच्या स्नेह्याच्या पेटीत आणि सातारकराची चिपळुणात, असा परस्परांचा सांभाळ दोन नॅस पेट्यांमध्ये सहज करता येतो. पूर्वी पेढ्या एकमेकांच्या हुंड्या वटवीत, त्यामागे विश्वास होता. त्याच विश्वासावर आज एकमेकांची दप्तरे जपता येतील. आणि किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहत असल्याने गुप्ततेलाही बाध येत नाही.

परत आणून पाहा

एवढे सारे केले, तरी एक गोष्ट उरते आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. घेतलेली प्रत उघडून पाहणे. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाचा बहुतांश भाग संगणकांतून पुसला गेला. बॅकअपकडे धाव घेतली, तेव्हा कळले की तो कित्येक दिवस नीट घेतलाच जात नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणामुळे त्या घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. दूरवरची प्रत कामी आली, हा या कथेचा एक धडा. आणि न तपासलेला बॅकअप हा बॅकअपच नसतो, हा दुसरा.

म्हणून दर तिमाहीला कोणतीही एक जुनी फाइल आणि हिशेबाची एक पूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावी. ताळेबंद जुळतो का, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, परत आणायला किती वेळ लागला, हे एका साध्या वहीत लिहून ठेवावे. हे काम कोणाचे, तेही नावानिशी ठरवावे. जे काम सर्वांचे असते, ते कोणाचेच नसते.

याहून नाजूक प्रश्न किल्लीचा आहे. कित्येक व्यवसायांत पेटीचा पासवर्ड फक्त मालकाला किंवा पेटी बसवून देणाऱ्या तंत्रज्ञालाच ठाऊक असतो. उद्या तो तंत्रज्ञ परगावी गेला किंवा घरातील कर्त्या पुरुषावर अकस्मात काही ओढवले, तर पत्नी-मुलांच्या हाती पेटी राहील, पण दप्तर नाही. येणी कोणाकडे आहेत हे त्या कुटुंबाला कळणार नाही. देणेकरी मात्र न चुकता दारात येतील. पासवर्ड आणि कुलूपबंद प्रतींच्या किल्ल्या कागदावर लिहून, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे आणि घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीला त्याची माहिती देणे, हे मृत्युपत्र करण्याइतकेच आवश्यक कर्तव्य मानले पाहिजे.

‘आमचा धंदा तो केवढासा! आम्हाला कशाला हा व्याप?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. वस्तुतः व्यवसाय जितका लहान, तितकी त्याला ही गरज अधिक. मर्स्कसारखी कंपनी दहा दिवस ठप्प झाली तरी उठून उभी राहते, कारण तिच्याकडे गंगाजळी असते. पाच माणसांच्या वर्कशॉपला दहा दिवस बिले काढता आली नाहीत, तर अकराव्या दिवशी त्या पाच घरांतील पगार थांबतो. दप्तर ही एकट्या मालकाची मालमत्ता नाही. त्याच्यावर कामगारांची चूल, पुरवठादाराचा विश्वास आणि ग्राहकाला दिलेला शब्द अवलंबून असतो.

लक्ष्मीपूजनाला आजही हजारो दुकानांत वहीपूजन होते. वहीच्या जागी अनेक ठिकाणी संगणकाला हळदकुंकू लागते आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र यंदा त्या संध्याकाळी फूल वाहण्यापूर्वी मालकाने घरी ठेवलेली डिस्क मागवावी, ती निराळ्या संगणकाला जोडावी आणि गेल्या पाडव्यापासूनचा हिशेब तिच्यावरून उघडतो का, हे घरच्यांसमोर पाहावे. उघडला, तर पूजा खऱ्या अर्थाने सार्थकी लागली. न उघडला, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे, एवढे तरी त्या संध्याकाळी कळेल.